गाडीचा सूर

काका, आधी गर्दीचं सांगतो. लग्न असो, बाप्तिस्मा असो की मयत असो, तुम्ही घरी परतलात की काकू विचारायच्या, जेवायला काय होतं, आणि तुम्ही सांगायचात, माणसं किती होती. तर ऐका. कबरस्तानाच्या फाटकाचे दोन्ही पल्ले उघडावे लागले. गंजलेला डावा पल्ला मी तरी आयुष्यात पहिल्यांदाच हललेला पाहिला. तुमच्या रेल्वे फाटकावरचा संत्रीवाला आला होता, हातगाडीसकट. आणि वाडीच्या गोदामांकडून दोन ट्रकवाले आले होते. तुम्ही ज्यांना वर्षानुवर्षं त्याच फाटकावर अडवून ठेवलंत, त्यांच्यापैकी. त्यांतला पगडीवाला मला म्हणाला, "मास्टरजी, इस आदमी ने मेरी जिंदगी के छह महीने फाटक पे खड़े खड़े खाए," आणि तिथल्या तिथे हुंदके देऊन रडला. तुम्ही असतात तर त्याला पाणी दिलं असतंत आणि रांगेत मागे उभं केलं असतंत.

गाण्याचं मात्र शेवटी सांगेन. तुमच्या दफनाला आम्ही काय गायलो, कसे गायलो आणि मधेच काय घोटाळा झाला, हे सगळं सांगायचंच आहे. पण त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. फार जुनी आहे. ती तुम्हाला ठाऊक होती, आणि तुम्हाला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. तरी आपण दोघं तिच्या भोवतीनं असे चालत राहिलो, जसा वाटेतल्या झोपलेल्या कुत्र्याला माणूस वळसा घालतो.

आठवतं ना, मी पहिल्यांदा आलो तेव्हा? साठच्या दशकाची सुरुवात. मी चोवीस वर्षांचा, शाळेत भूगोल शिकवायला नुकताच लागलेला, आणि स्वतःला मोठा पेटीवादक समजणारा. आपलं क्रूस लावलेलं कौलारू देऊळ उमरेडकडून येणाऱ्या छोट्या लाइनीला इतकं चिकटून होतं की खिडकीतून हात काढला तर डब्याला लागेल. मंडळी म्हणजे रेल्वेतले गँगमन, गिरणीतले कामगार, दवाखान्यातल्या नर्सा आणि आया. निम्म्यांना वाचता येत नव्हतं. देवळापासून वीस पावलांवर फाटक, आणि त्या फाटकाचे गेटमन तुम्ही, शांतवनकाका.

पहिल्या रविवारी मी पेटी उघडली, दर रविवारचं ठरलेलं दुसरं गीत सुरू केलं, दुसऱ्या कडव्याच्या शेवटाला आलो, आणि बाहेर इंजिनानं शिट्टी मारली. तुम्ही पहिल्या बाकावरून उजवा हात वर केलात, जणू सिग्नलच पडला. सगळी मंडळी ज्या अक्षरावर होती त्याच अक्षरावर थांबली. गप्प नाही झाली, त्याच सुरावर उभी राहिली. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, डबे एकामागून एक जात होते, आणि ऐंशी माणसं एकच 'आ' धरून उभी. मी घाबरून पेटी थांबवली. तुम्ही डोळे वटारलेत. मी परत वाजवू लागलो. शेवटचा डबा गेला, गार्डाचा कंदील गेला, तुमचा हात खाली आला, आणि तिसरं कडवं असं सुरू झालं की जणू मधे काही घडलंच नव्हतं.

उपासना संपल्यावर मी तुम्हाला गाठलं. "काका, हा काय प्रकार?"

"गाडीचा सूर," तुम्ही म्हणालात. "पहिले आम्ही गाडीच्या आवाजातच गाऊन न्यायचो. पण मंग समोरचे चवथ्या ओळीत आन मागचे दुसऱ्या. एका रुळावर दोन गाड्या. मंग एक वर्ष आम्ही गाडी जाईपर्यंत चूप बसलो. पण एकदा चूप बसलं की बापा, पुन्हा सोबत उठताच येत नाही. कोणी खोकलते, कोणी उगाच घरचा विचार करते. म्हणून मी म्हटलं, थांबायचं नाही. धरायचं."

"पण इतका वेळ श्वास कसा पुरतो?"

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं मी शाळेत दिशा न कळणाऱ्या पोरांकडे पाहतो. "एकट्याले पुरते का गा? बाजूच्याकडे पाहायचं. त्यानं श्वास घेतला की आपण सोडायचं नाही. त्याचा भरला की मंग आपण घ्यायचा. एका टायमाले बाकावर एकच जण श्वास घेईन. बाकीच्यांनी धरून ठेवायचं."

हे सांगायला सोपं. पण काका, नळावरून सात वर्षं अबोला धरलेल्या त्या दोन बाया आठवतात का? एकीनं दुसरीच्या घागरीला लाथ मारली होती, की दुसरीनं पहिलीच्या, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. तुम्ही मुद्दाम त्यांना एकाच बाकावर शेजारी उभं केलंत.

"मी तिच्या थोबाडाकडे पाहणार नाही," पहिली म्हणाली.

"थोबाडाकडे नको पाहू वं," तुम्ही म्हणालात. "तिच्या कानातल्या डुलाकडे पाह्य. श्वास घेतला की डूल हालते."

पुढची दोन वर्षं त्या बाईनं शत्रूच्या कानाकडे इतकं निरखून पाहिलं की एका रविवारी ती उपासनेनंतर न राहवून म्हणाली, "तुह्या डुलाचा फासा ढिला झाला, पडंन कुठं तरी." सात अधिक दोन, अशा नऊ वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य. मी त्या वेळी पेटीचं झाकण लावत होतो. ते तसंच हातात धरून उभा राहिलो.

ज्या रविवारी पाळी बदलून मिळायची नाही, त्या रविवारी तुम्ही फाटकावरूनच गायचात. खाकी सदरा, हातात हिरवी झेंडी, आणि गळ्यातून दुसऱ्या गीताचं दुसरं कडवं. फाटक पडलेलं, अलीकडे सायकली, पलीकडे बैलगाड्या, आणि देवळाच्या खिडकीतून आम्ही तुमच्या झेंडीकडे पाहत सूर धरलेला. संत्रीवाला तिथेच थांबून थांबून आपली गीतं शिकला. तो एकदा मला म्हणाला होता, "मास्तर, तुमचं दुसरं गाणं लय चांगलं आहे. पण मधातच अटकता काहून?" मी तुमचंच उत्तर दिलं, "अटकत नाही, धरतो." त्यानं विचार करून मान हलवली आणि मला दोन संत्री फुकट दिली.

मग गाडीची वेळ बदलली. सकाळची गाडी दुपारी येऊ लागली, आणि रविवारच्या उपासनेत खिडकीबाहेर चिमण्यांशिवाय काही उरलं नाही. मला वाटलं, सुटलो. पण पुढच्या रविवारी दुसऱ्या गीताचं दुसरं कडवं संपलं आणि तुमचा हात वर गेला. मंडळीनं सूर धरला. बाहेर गाडी नाही, शिट्टी नाही. तरी तुम्ही डबे मोजत असल्यासारखे डोळे मिटून उभे, आणि नेमक्या तेवढ्याच वेळानं हात खाली.

नवे पाळकसाहेब नगरकडचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पंच कमिटीला विचारलं, "हा मधला थांबा कशासाठी?"

"गाडीसाठी," एक पंच म्हणाले.

"कुठली गाडी?"

"सकाळची."

"ती कधी येते?"

"आता येत नाही."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मी त्या बैठकीत होतो आणि मला हसू दाबता दाबता ठसका लागला.

आपला वाद तिथून सुरू झाला. मी म्हणायचो, काका, ताल नावाची काही गोष्ट असते. गाडी होती तोवर ठीक, आता हा नुसता हट्ट आहे. तुम्ही म्हणायचात, "गाडी गेली, पण लोक तेच आहेत ना?" मी म्हणायचो, बाहेरचे हसतील. तुम्ही म्हणायचात, "बाहेरचे हसू दे. आतले सोबत आहेत का पाह्य." त्या वादात तुम्ही कधी हरला नाहीत आणि मी कधी जिंकलो नाही. पण दर रविवारी संध्याकाळी तुमच्या ओसरीवर चहा पिता पिता तो वाद मी नव्यानं सुरू करायचो. काकू म्हणायच्या, "झालं का तुमचं? मास्तर, याच्यासंग भांडायले येता का चहा प्यायले?" खरं सांगू? दोन्हीसाठी.

आणि मग तो मेळावा आला. शहरातल्या सगळ्या मराठी मंडळ्यांनी एका शाळेच्या मोठ्या सभागृहात एक एक गीत गायचं, आणि सगळ्यात चांगलं गाईल त्या मंडळीला नाताळात रेडिओवर गायला मिळणार. रेडिओ! माझ्या डोळ्यांपुढे चौकातला पानठेला आला, तिथे टांगलेला रेडिओ आला, आणि त्यातून माझी पेटी. तीन महिने आपण बावीस जणांनी त्याच दुसऱ्या गीताची तयारी केली. मी अट घातली, गाडीचा सूर नाही. दुसऱ्या कडव्यानंतर सरळ तिसरं. तुम्ही म्हणालात, "पेटी तुही, राज्य तुहं." पहिल्या रांगेत उभे राहून हात वर जाऊ नये म्हणून तुम्ही स्वतःच दोन्ही हातांत गीतांचं पुस्तक धरायला लागलात. वाचता येत नव्हतं, तरी धरलंत. मी विचारलं तर म्हणालात, "हात कामात असले की चुगली करत नाहीत."

सभागृह भरलेलं होतं. इस्त्रीचे कोट, पांढऱ्या साड्या, पियानो. आपल्या बायकांनी केसांना तेल जरा जास्तच लावलं होतं आणि गँगमन मंडळींनी बूट उसने आणले होते. पहिलं कडवं असं उठलं की समोरच्या रांगेतले लोक वाकून एकमेकांना विचारू लागले, ही कुठली मंडळी? मला ते दिसत होतं. माझी छाती पेटीच्या भात्याच्या दुप्पट फुगली होती. दुसरं कडवं. शेवटची ओळ. शेवटचं अक्षर.

आणि सूर धरला गेला.

बावीस जणांनी धरला. शेजाऱ्याकडे पाहत, आळीपाळीने श्वास घेत, गाडी नसलेल्या त्या सभागृहात आपण गाडी जाईपर्यंत उभे राहिलो. आधी लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग कोणी खोकलं. मग मागून हसू आलं, दबकं, मग मोठं. कोणीतरी "रेकॉर्ड अटकली" म्हणालं. तुम्ही शेवटी मानेनं खूण केलीत आणि तिसरं कडवं सुरू झालं, पण तोवर माझा रेडिओ कधीच विझला होता.

सायकल स्टँडपाशी मी तुमच्यावर ओरडलो. सगळ्यांसमोर. "तुमच्यानं एक दिवस हात खाली ठेववला नाही? तीन महिन्यांची मेहनत घालवलीत! म्हातारपणात हट्ट सुटत नसेल तर घरी बसा!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. पुढच्या रविवारी पंचांनी विचारलं, कोणामुळे झालं? तुम्ही उभे राहिलात. "माहा हात वर गेला. जुनी सवय."

पंचांनी ठरवलं की तुम्ही वर्षभर मागच्या बाकावर बसाल, गाण्याला पुढे उभे राहणार नाही.

काका, आता ऐका. मोठ्यानं सांगतो, म्हणजे जिथं असाल तिथं पोचेल. तुमचा हात वर गेला नव्हता. तुमचे दोन्ही हात पुस्तकावर होते. मी पेटीमागून पाहिले होते. त्या शेवटच्या अक्षरावर बोट राहिलं ते माझं. माझंच. तीन महिने ज्यानं सगळ्यांना बजावलं, त्याच्याच बोटाला दुसरं कडवं संपल्यावर पुढे जाता आलं नाही. मंडळी पेटीमागे जाते. पेटी थांबली म्हणून मंडळीनं धरलं. मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि म्हणून तर मी सायकल स्टँडपाशी इतका मोठ्यानं ओरडलो.

पंचांपुढे तुम्ही उभे राहिलात तेव्हा मी तिसऱ्या बाकावर होतो. उभं राहायला एवढासा वेळ लागला असता. मी खाली पाहून पेटीच्या पेटाऱ्याची कडी खेळवत बसलो.

त्यानंतर घसा बसल्याचं निमित्त करून मी दुसऱ्या एका मोठ्या मंडळीत जाऊ लागलो. छान देऊळ, छान ऑर्गन, प्रत्येकाच्या हातात पुस्तक. सगळे तिथं इतके शिस्तीत गायचे की स्वल्पविराम आला की शंभर माणसं एकदमच श्वास घ्यायची. आणि त्या क्षणी, काका, तिथं कोणीच गात नसायचं. एवढीशी फट. दुसऱ्या कोणाला ती ऐकूही आली नसेल. मला मात्र तिच्यातून वारा लागायचा.

दोन महिन्यांनी मी परत आलो तो थेट एका तमाशात. तुम्ही मागच्या बाकावर बसलेले. गीत सुरू झालं आणि सगळी मंडळी, नर्सा, आया, गँगमन, दोन्ही डुलवाल्या, माना वळवून तुमच्या हाताकडे बघत उलट्या तोंडानं गात होती. पाळकसाहेब वेदीपाशी उभे, आणि त्यांच्या वाट्याला नुसते अंबाडे आणि टकलं. त्याच दिवशी उपासना संपल्यावर ते पंचांना म्हणाले, "त्यांना पुढे आणा हो. मला माझ्या मंडळीचे चेहरे पाहायचे आहेत." तुम्ही पुढे आलात. जाता जाता माझ्या पेटीवर टिचकी मारलीत आणि म्हणालात, "बसला का घसा, मास्तर, की उठला?"

बस, एवढंच. त्या बोटाचं नाव तुम्ही तेव्हाही काढलं नाहीत, नंतरही नाही. मीही नाही.

या वर्षी तुमचा दमा वाढला. तीन शब्दांना एक श्वास, मग दोन शब्दांना एक. रविवारी मी पेटी घेऊन तुमच्या खाटेपाशी यायचो. काकू आणि मी गायचो, तुम्ही मधला एखादा शब्द उचलायचात, आणि उरलेलं आम्ही धरून ठेवायचो. शेवटच्या खेपेला मी ठरवून आलो होतो. आज सांगायचंच. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे पाहून ओळखलंत.

"काही सांगायचं आहे का गा?"

माझ्या तोंडून आलं, "पेटीचा भाता फाटला आहे, काका."

तुम्ही हसलात. हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणालात, "मंग शिवून घे. फाटका ठेवू नको."

मी भाता शिवून घेतला, काका. खरोखरच फाटला होता, खोटं नव्हतं. फक्त ते सांगायचं नव्हतं.

आता गाण्याचं. कबरस्तानात पेटी स्टुलावर ठेवली. पाळकसाहेबांनी आपलं तेच दुसरं गीत सांगितलं. मी पाहत होतो, माणसं कडुलिंबापर्यंत आणि तिथून बाहेर रस्त्यापर्यंत होती. संत्रीवाला गात होता, शब्द न चुकता. दुसरं कडवं आलं, शेवटची ओळ आली. आणि सगळ्यांचे डोळे पहिल्या रांगेत तुमच्या जागेकडे गेले, आणि तिथं काकू एकट्या उभ्या होत्या. सूर धरायचा, तर खूण कोण करणार? नाही धरायचा, तर तुमच्याच मातीवरून आपण घाईनं निघून चाललो, असं झालं असतं. मी पाहिलं, काही जण थांबायला लागले, काही पुढच्या ओळीकडे वळले. एका रुळावर दोन गाड्या. तुमच्याच दफनात!

मी पेटीवरचा उजवा हात काढला आणि वर केला.

उजवा हात काढला की पेटी गप्प होते. झाली. क्षणभर मला वाटलं, आता सगळंच पडेल. पडलं नाही, काका. पेटीशिवाय उभं राहिलं. रस्त्यापर्यंत सगळ्यांनी धरलं. दोन्ही डुलवाल्या, आता दोघींचे केस पांढरे, एकमेकींच्या कानाकडे पाहत होत्या. पगडीवाल्याला गीत येत नव्हतं, तोही 'आ' करून उभा होता आणि संत्रीवाला त्याला कोपरानं श्वासाची पाळी सांगत होता. सूर तसाच, एकही फट नाही. इतकी माणसं, इतके श्वास, आणि कुठेही वारा लागत नव्हता. मला इतका अभिमान आयुष्यात वाटला नाही. तुमचा, आणि या बेशिस्त, तेलकट, उसन्या बुटांच्या मंडळीचा. आणि हात वर ठेवूनच मी म्हटलं, मोठ्यानं, त्या सुरावरून, "त्या दिवशीही माझंच बोट होतं! काकांचा हात नव्हता!"

कोणी सूर सोडला नाही. पहिल्या रांगेतला एक म्हातारा गँगमन श्वास घ्यायच्या त्याच्या पाळीला म्हणाला, "आम्हाले माहीत आहे, मास्तर," आणि परत सूर पकडला.

माझा हात वरच राहिला. डबे किती, गार्डाचा कंदील कधी जातो, हे मोजणं तुमचं काम होतं. मला ते कधी शिकवलंच नाहीत तुम्ही. हात जड झाला, डोळ्यांपुढे सगळं ओलं झालं, आणि खाली आणायचं धैर्य होईना. तेव्हा काकू माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, आणि घरी चहाचा कप पुढे करताना बोलायच्या तशाच सुरात म्हणाल्या, "घे गा खाली आता. गेली गाडी."

मी हात खाली घेतला, पेटीवर ठेवला, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिसरं कडवं सुरू केलं.